बावीस गुणांची दुरुस्ती

तुम्ही मुलांकडे बघितलंच नाहीत. हा आरोप आहे, आणि तो गुळमुळीत करून सांगायची इच्छा नाही. तुमच्या सरकारी दालनात आलेख आहेत, तालुक्यातालुक्याचे रंगीत नकाशे आहेत, पाहुण्यांसाठी काजू आहेत. पण ज्या पोरांच्या कपाळावर तुम्ही शिक्का मारलात आणि मग तोच शिक्का थुंकी लावून पुसलात, त्यातल्या एकाही पोरासमोर तुम्ही कधी मांडी घालून बसला नाहीत. म्हणून सुचेता मुसळेची ही गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल. ती तुमच्याच केंद्रात कामाला होती.

पंचगंगेच्या काठावरचं ते गाव मागांचं. बिनधोट्याचे नवे माग मोठ्या कारखान्यांत गेले, पण कोष्टी गल्लीत अजून जुने, आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचे माग घराच्या तळमजल्यावर खडखडतात आणि वरच्या मजल्यावर माणसं राहतात. सुचेता त्या गल्लीतली सून. माहेर मिरजेचं, वडील रेल्वेत, क्वार्टरात पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येई अशी शांतता. शिकून ती वाचातज्ज्ञ झाली, म्हणजे ज्या मुलांचं बोलणं अडलंय त्यांना बोलतं करणारी. लग्नानंतर गावातल्या बालविकास केंद्रात लागली.

त्या वेळी तपासणी कशी व्हायची ते आधी सांगायला हवं, कारण तुमच्या नव्या अधिकाऱ्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. मूल स्वमग्न आहे की नाही हे रक्तातून कळत नाही, मेंदूच्या फोटोतून कळत नाही. ते वागण्यातून कळतं आणि वागणं बघायला वेळ लागतो. आधी कान तपासायचे, कारण ऐकूच येत नसेल तर पुढचं सगळं फोल. मग आईला विचारायचं: चांदोबा दिसला की बोट करून तुम्हाला दाखवतो का? पडला की कुणाकडे धावतो? एखादा आवाज, एखादं कापड सहन होत नाही का? मग चटई टाकायची आणि मुलाबरोबर खेळायचं. साबणाचे फुगे उडवायचे आणि मध्येच थांबायचं. मूल आणखी हवेत म्हणून तुमच्याकडे बघतं की नुसतीच बाटली ओढतं? बाहुलीला खोटा चहा पाजतं का? अंगणवाडीच्या बाईंना विचारायचं. शंका राहिली तर पुन्हा बोलवायचं. शेवटी डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि सुचेता असे तिघं बसायचे, भांडायचे आणि मग सही व्हायची. स्वमग्नता हा काही आजार नव्हे. मेंदूची ठेवणच वेगळी. पण ती ओळखली तर मुलाला त्याच्या वाटेनं शिकवता येतं, न ओळखली तर पोर मुलखाचं हट्टी ठरून मार खातं.

या पद्धतीत खोट एकच होती, पण मोठी होती. माणसं नव्हती. दीड वर्षाचं मूल घेऊन आलेल्या आईचा नंबर लागेपर्यंत मूल शाळेत जायच्या वयाचं व्हायचं. माणसं भरा म्हणून केंद्रानं जोडे झिजवले. तुम्ही माणसं भरली नाहीत, आरसा पाठवलात.

त्याचं सरकारी नाव नेत्रबोध. गल्लीनं त्याला आरसा म्हटलं, कारण समोरून तो नुसता काळा, चकचकीत काचेचा पत्रा. काचेमागे डोळ्याला न दिसणारा प्रकाश फेकणारे दिवे आणि दोन कॅमेरे. तो प्रकाश मुलाच्या डोळ्यावर ठिपक्यासारखा चमकतो. ठिपका आणि डोळ्यातल्या बाहुलीचा मध्य यांतलं अंतर मोजलं की नजर काचेवर नेमकी कुठे टेकलीय ते कळतं. मूल आईच्या मांडीवर बसतं, काचेवर चित्रफीत लागते. एक बाई हसून बोलते, बाजूला रंगीत चक्र फिरतं, मध्येच मुलाच्या नावानं हाक येते. नजर डोळ्यांवर किती ठरली, हाकेला मान वळली का, याची तुलना यंत्रात साठवलेल्या हजारो मुलांशी होते आणि शंभरांपैकी गुण पडतात. चाळीसच्या खाली, स्वमग्न. वर, नाही.

यातलं शास्त्र खोटं नाही. बहुतेक मुलं बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतात, स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांची नजर तिथे कमी ठरते. बऱ्याच जणांची, सगळ्यांची नव्हे. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनीच लिहिलं होतं की हा तपासणाऱ्याच्या हातातला कंदील आहे. तुम्ही तपासणाऱ्याला घरी पाठवलंत आणि कंदील खुर्चीत बसवलात.

मानसतज्ज्ञांची जागा रद्द झाली. चटई अडगळीत गेली. सुचेता काचेचं बटण दाबू लागली. आणि खरं सांगायचं तर तिनं काचेला हात जोडले. कारण गल्लीतून पहिलं मूल जे त्या काचेसमोर बसलं, तो तिचा निहार.

निहार तेव्हा चार वर्षांचा. बोलत नव्हता. बापाच्या मागाजवळ बसून सुताच्या कांड्या रंगाप्रमाणे लावायचा आणि ओळ कुणी मोडली तर भिंतीवर डोकं आपटायचा. आईलाच तज्ज्ञ म्हणून आपल्या मुलाची तपासणी करता येत नाही, आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं. काचेनं सत्तावीस गुण दिले आणि पंधरवड्यात शाळेत त्याच्यासाठी साथी-शिक्षिका आली. रुबीना तिचं नाव. रुबीनानं चित्रांची एक पट्टी केली, ती स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि वर्षभर कशाचीही घाई केली नाही. एके दिवशी निहारनं नळाचं चित्र ओढून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाकडे काही मागितलं होतं. सुचेता त्या दिवशी केंद्राच्या मोरीत जाऊन रडली.

मग गोदाक्का आली.

गोदाक्का शेजारची. नातीला, ईश्वरीला, काखेत मारून ती थेट तपासणीच्या खोलीत घुसली.

"सुचे! हे तुझं यंत्र माझ्या नातीला मुकी ठरवतंय व्हय गं?"

"मुकी नाही हो गोदाक्का. स्वमग्न असं—"

"काय मग्न? सकाळपास्नं हिच्या तोंडाला दम न्हाई. काल गॅसवाल्याला इचारत हुती, तुमच्या बायकूचं नाव काय, पोरं किती, टकलावर केस का न्हाईत. मग्न म्हणं!"

काखेतून आवाज आला, "त्याला केस होते, आज्जी. कानात होते."

सुचेताला हसू आवरेना. पण गोदाक्का हसत नव्हती. तिनं ईश्वरीचा हात पुढे केला. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

काचेनं ईश्वरीला चौतीस गुण दिले होते. चौतीस म्हणजे स्वमग्न, आणि स्वमग्न म्हणजे उपचारवर्ग. तिथे कंत्राटी मुलगी समोर बसून म्हणायची, माझ्या डोळ्यांत बघ. बघितलं की एक रंगीत गोळी. ईश्वरी हुशार. तिनं ओळखलं की डोळ्यांत बघणं हा गोळीचा धंदा आहे. ती सगळ्यांच्या डोळ्यांत टक लावून बघायला लागली.

"परवा मागाच्या शेडात आली," गोदाक्का म्हणाली. "मी हात वर केलो. थांब म्हणून. आजवर कधी चुकली न्हाई. आता बया माझ्या डोळ्यांत बघत, हसत हसत, सरळ मागाच्या फिरत्या पट्ट्यापाशी. बोट थोडक्यात वाचलं. हे असलं शिकवताय व्हय तुमी?"

हात वर केला. हे तीन शब्द सुचेताच्या डोक्यातून जाईनात. घरी आल्यावर ती वर गेली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा शेडच्या दारात नुसती उभी राहिली. एरवी ती कानांत कापूस घालून जिना चढायची आणि खिडक्या लावून घ्यायची.

आत आठ माग चालू होते. त्या खडखडाटात कुणी ओरडत नव्हतं, कारण ओरडून उपयोग नव्हता. तिचा नवरा शिवानंद पलीकडच्या मागावरच्या माणसाशी बोलत होता. दोघं एकमेकांच्या ओठांकडे बघत होते. कांड्या संपल्या की मनगटावर दोन बोटं. चहा हवा तर अंगठा ओठाला. आणि पोरं! प्रत्येक पोराला खूण होती. ईश्वरी म्हणजे कानाच्या पाळीला चिमटा, तिचे डूल मोठे म्हणून. पलीकडचा गुबगुबीत पोरगा म्हणजे फुगवलेले गाल. नावानं हाक कुणी मारतच नव्हतं. या पोरांना बोलणाऱ्याचे डोळे कामाचे नव्हते. ओठ आणि हात कामाचे. ती उपजल्यापासून तिथेच बघत आली होती. आणि काचेत साठवलेली हजारो मुलं? ती सगळी शांत घरांत वाढलेली होती.

सासूबाई कोपऱ्यात कांड्या भरत होत्या. सुचेतानं हात धरून त्यांना बाहेर आणलं.

"आत्या, निहारची खूण काय आहे?"

सासूबाईंनी तर्जनी हवेत गोल फिरवली. "चाक. चाकाकडं बघत बसतो न्हवं."

"तो बघतो? खूण केली की?"

सासूबाई म्हणाल्या, "रोज करतो गं मी. पाच वर्सं झाली करतो. तो बघत न्हाई."

सुचेताला दारातच सगळं लख्ख दिसलं. कोष्टी गल्लीत जे मूल नावाला वळत नाही ते चारचौघांसारखं. जे मूल खुणेला वळत नाही, ते निहारसारखं. चटईवर बसून, दोन प्रश्न विचारून कुणालाही कळलं असतं. काचेला दोघंही सारखीच दिसली, कारण दोघंही डोळ्यांकडे बघत नव्हती. ईश्वरी ओठांकडे बघत होती आणि निहार बाजूला फिरणाऱ्या चक्राकडे. एवढासा फरक. पण सगळा फरक तोच.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रप्रमुखांसमोर उभी राहिली. डॉक्टर सबनीस बालरोगतज्ज्ञ, निवृत्तीला टेकलेले. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाकडून तुम्ही हवं ते करून घेता.

"सर, नजर कुठे गेली त्याचा माग यंत्रात असणारच. ओठ की चक्र, एवढंच बघायचंय."

"असणार. पण आपल्याला फक्त गुण दिसतात, सुचेताबाई. आतलं कंपनीचं."

"मग गल्लीतली ही सगळी मुलं चटईवर बसवू या. पूर्वीसारखी. मी आहे, तुम्ही आहात."

"आणि बाहेर जी रांग आहे ती?" सबनीसांनी चष्मा काढला. "लिहून द्या. मी वर पाठवतो. पण लिहिण्याआधी एकदा घरी जाऊन विचार करा. निहारही त्याच गल्लीत राहतो."

घरी शिवानंदला वेगळं समजवावं लागलं नाही. त्याला मागाचं कळतं तसं माणसांचंही कळतं.

"बसलीयस त्याच फांदीवर कुऱ्हाड घालतीयस," तो म्हणाला. "उद्या म्हणतील, मागवाल्यांच्या पोरांची तपासणी चुकलीय. सगळ्यांचीच. मग?"

"निहारचं खरं आहे. कुणीही चटईवर बसून बघू दे, कळेल."

"कोण बसणार हाय चटईवर?"

"काय?"

"मी इचारतोय, कोण बसणार हाय? नाव सांग की."

तिला नाव सांगता आलं नाही. पण ईश्वरीचं बोट तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. पुढच्या खेपेला बोट वाचलंच असतं याची हमी कोण देणार? तिनं सगळं लिहून पाठवलं. काय चुकलंय, का चुकलंय, काय करायला हवं. शेवटी ठळक लिहिलं: एकेक मूल माणसानं बघावं.

आणि तुम्ही काय केलंत?

तुम्ही तिचं पहिलं पान वाचलंत. चूक मान्य केलीत, एवढं श्रेय तुम्हाला देतो. मग कोष्टी गल्लीच्या पिनकोडमधल्या मुलांच्या गुणांची सरासरी काढलीत, ती राज्याच्या सरासरीपेक्षा बावीसनं कमी भरली, म्हणून त्या पिनकोडमधल्या प्रत्येक मुलाच्या गुणांत बावीस मिळवायचा हुकूम काढलात. भौगोलिक दुरुस्ती! एकाही मुलाला न बघता चूक केलीत आणि एकाही मुलाला न बघता ती दुरुस्त केलीत. नकाशावरचा लाल डाग पुसला गेला. सरासरी काढली की पंचगंगा कमरेइतकी खोल भरते. डोहात उतरलेल्याला विचारा.

ईश्वरीचे चौतीस अधिक बावीस, छप्पन्न. चांगलं झालं. तिचा उपचारवर्ग सुटला, गोळ्या बंद झाल्या, त्याबद्दल तिनं गल्लीभर तक्रार केली.

निहारचे सत्तावीस अधिक बावीस, एकोणपन्नास.

सुचेताच्या फोनवर निरोप आला. 'अभिनंदन! आपल्या पाल्यात स्वमग्नता आढळत नाही.' पुढे फुलांचं चित्र.

रुबीनाला दुसऱ्या शाळेत जायचा आदेश आला. जाण्याआधी ती घरी आली. निहार जिन्यावर बसून चुलतबहिणीच्या सायकलचं पुढचं चाक फिरवत होता.

"ही पट्टी ठेवा," रुबीना म्हणाली. "नव्या बाईंना द्या."

"नव्या बाई नाहीत, रुबीना. वर्गाच्या बाई आहेत, पन्नास पोरांच्या."

"मग घंटा व्हायच्या आधी निदान त्याला कुणीतरी सांगावं. आधी सांगितलं की घाबरत नाही तो. मी त्याच्या आणि घंटेच्या मध्ये उभी राहायची."

निहारनं तिच्याकडे बघितलं नाही. ती निघाली तेव्हा मात्र तिच्या चपलेवर हात ठेवून बसून राहिला. रुबीना बराच वेळ एका चपलेवर उभी होती.

शाळेत चौथ्या दिवशी घंटा झाली आणि निहारनं बाकाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. तीन टाके पडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमचंही ऐका. प्रमाणपत्र असेल तर माणूस मिळतो. माणूस मिळाला तर मूल ठेवता येतं. कागदावर ते आता नॉर्मल आहे, आणि नॉर्मल मूल असं वागलं तर आम्ही पालकांना घरी न्यायलाच सांगतो." आता उन्हाळ्याची सुट्टी लागतेय, ती संपेपर्यंत काहीतरी करा, म्हणाल्या.

सबनीसांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुमचं माहेर मिरजेला ना? निहारचा पत्ता तिथला घाला. दुरुस्ती पिनकोडला आहे, मुलाला नाही. पुन्हा सत्तावीस येतील. मी काही बघितलं नाही."

शिवानंद म्हणाला, "झालं तर. आजच घाल."

"आणि काजल?"

काजल गल्लीच्या टोकाला राहायची. तिची आई फुलमती, उत्तर प्रदेशातल्या बलियाहून आलेली, कांडी मशीनवर काम करायची. काजलसुद्धा खुणेला वळत नसे. तिचेही गुण आता एक्केचाळीस झाले होते. सुचेतानं फुलमतीला आधीच विचारलं होतं, दुसऱ्या गावात कुणी आहे का. फुलमती आशेनं म्हणाली होती, "मेरा मायका बलिया में है, दीदी. वहाँ का पिन चलेगा?"

"गावातल्या सगळ्यांची पोरं तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस," शिवानंद म्हणाला. "आपलं बघ आधी. त्याच्या कपाळाला टाके हायत."

"मला दिसतात टाके."

"मग?"

"मग उद्या कुणीतरी मिरजेतही बावीस मिळवेल. का सात वजा करेल. मी किती माहेरं काढू?"

"पण सुट्टीनंतर तरी रुबीना येईल की!" शिवानंद ओरडला. शेडात आयुष्य काढलेला माणूस. ओरडायची सवय नव्हती, आवाज फाटला. "एक महिना तरी येईल! तुला तुझं खरं करायचंय, त्या पोराच्या जिवावर!"

ती जेवण वाढायला गेली. शिवानंद जेवला नाही. निहार जेवला, रोजच्यासारखाच, आधी भात, मग पोळी, एकमेकांना न लागू देता. शिवानंद चूक म्हणत नव्हता, हे तिला कळत होतं. एक महिना रुबीना म्हणजे तीस दिवस डोकं फुटायचं नाही. एवढ्यावर कुठल्याही आईनं पत्ता बदलला असता. आणि बदललाही पाहिजे, असंच तिला भात कालवताना वाटलं.

सकाळी तिनं पत्ता बदलला. पण सबनीसांनी सांगितला तसा गुपचूप नाही.

तिनं गोदाक्काला बोलावलं, फुलमतीला बोलावलं, ज्यांची पोरं या बेरीज-वजाबाकीत सापडली होती त्या सगळ्यांना केंद्रात यायला सांगितलं. सबनीस दारात आले, गर्दी बघून थबकले. तिनं सांगितलं, काय करणार आहे ते. केंद्रप्रमुखानं नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. सबनीस म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो," आणि चप्पल सरकवून निघून गेले.

निहार शिवानंदच्या मांडीवर बसला. हो, शिवानंद आला होता. रात्रभर बोलला नव्हता, पण आला होता. काचेवर बाई हसली, चक्र फिरलं, हाक आली. निहारनं सगळा वेळ चक्र बघितलं. गुण आले: सत्तावीस.

सुचेतानं पत्त्यात मिरज घातलं. काच म्हणाली, स्वमग्नता आढळते.

तीच चित्रफीत, तीच नजर, मूल अजून बापाच्या मांडीवर. तिनं पत्त्यात कोष्टी गल्ली घातली. काच म्हणाली, स्वमग्नता आढळत नाही.

मग गोदाक्का बोलली.

"म्हंजे पोरगं मिरजंला गेलं की तसं, आणि हितं आलं की बरं? मग डाक्टर कशाला पायजेत? यष्टीत बसवा की."

हसू फुटलं. फुलमतीला कुणीतरी हिंदीत सांगितलं, तीही हसली आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

सबनीस परत आले तेव्हा टेबलावर दोन निकाल छापून ठेवले होते, एकाच मुलाचे, एकाच बैठकीतले. त्यांनी दोन्ही वाचले. दोन्हींवर खाली त्यांचंच नाव आपोआप छापलेलं होतं. त्यांनी खिशाला हात लावला, पेन काढलं, पुन्हा ठेवलं. मग शिपायाला म्हणाले, "अडगळीतली चटई झटकून आण."

त्यांना खाली बसायला दोन्ही हात टेकावे लागले. गुडघे कडकड वाजले तशी ईश्वरी म्हणाली, "आजोबा, तुमच्यात पण माग हाय." सबनीसांनी साबणाचं पाणी करायला लावलं आणि फुगे उडवले. मध्येच थांबले. निहारनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात उचलून बाटलीवर ठेवला, अवजार ठेवावं तसा. सबनीसांनी हवेत बोट गोल फिरवलं, सुचेतानं सांगितलेली खूण. निहारनं बघितलं नाही. ईश्वरीच्या कानाची खूण केली, तशी खोलीच्या दुसऱ्या टोकाची ईश्वरी पळत आली, "काय?" सबनीसांनी सासूबाईंना विचारलं, शिवानंदला विचारलं, रुबीनाला फोन लावून विचारलं. दुपार झाली. काजललाही बसवलं. दुपार सरली. मग त्यांनी दोन्ही मुलांचे निष्कर्ष हातानं लिहिले, पान-पान भरून, आणि दोन्हींखाली पेनानं सही केली. सुचेतानं काजलच्या कागदावर सही केली; निहारच्या कागदावर केली नाही. आईला करता येत नाही.

हे दोन कागद घ्यायला तुमच्याकडे खिडकीच नाही. यंत्रात हस्ताक्षर चढत नाही. टपालानं पाठवले, परत आले: 'विहित नमुन्यात नाही.' सबनीस स्वतः घेऊन गेले, तर तुमच्या दारावरच्या माणसानं पिनकोड विचारला. सुचेताला पत्त्याशी छेडछाड केल्याबद्दल निलंबित केलंत. सबनीसांची निवृत्ती दोन महिने आधी आणलीत. आणि तुमचा खुलासा वर्तमानपत्रात आला की दुरुस्तीमुळे कोष्टी गल्लीतलं स्वमग्नतेचं प्रमाण आता राज्याइतकंच झालं आहे, आणि ही समाधानाची बाब आहे.

शिवानंदनं तो खुलासा वाचला आणि बायकोला एवढंच विचारलं, "आता?"

मिरजेचा निकाल अजून घरात आहे. तो दाखवला तर रुबीना येईल. काजलला येणार नाही. कोष्टी गल्लीचा निकाल दाखवला तर कुणालाच येणार नाही. सबनीसांचे कागद दाखवले तर दारावरचा माणूस हसेल. सुचेतानं सगळे कागद पिशवीत घातलेत. सोमवारी शाळा उघडते, आणि ती निहारला आणि काजलला घेऊन शाळेत नाही, तुमच्या दालनात येणार आहे. फुलमतीनं पाळी बदलून घेतलीय. शिवानंद माग बंद ठेवणार आहे.

तेव्हा तयार राहा. सल्लागाराला बोलावू नका, नकाशा उघडू नका, पिनकोड विचारू नका. खुर्चीवरून उठा, खाली बसा, त्या दोन मुलांकडे बघा आणि मग सांगा: उद्याची घंटा वाजेल तेव्हा या पोरांच्या आणि त्या घंटेच्या मध्ये कोण उभं राहणार आहे?

नाव सांगा.